दुधानं धुतलेली चावी

दसऱ्याच्या सकाळी बेळगावात गाडीच्या शोरूममध्ये रांगेत उभं राहून माझं डोकं फिरलतं. माझ्या म्होरं शहापूरचा साड्या विणणारा मागवाला यमनाप्पा, बायको अंजनीला घेऊन काउंटरवरच्या पोराशी भांडत हुता.

"बटण दाबून अंगठा दुखला, गाडी उघडंना!"

"चावीत पाणी गेलंय, आप्पा."

"पाणी न्हाय, दूध. काल खंडेनवमीला मागाच्या धोट्यासंगं चावीबी धुऊन पुजली."

"मग दुसरी चावी वापरा."

"तीबी पुजली. एकीला दूध पाजून दुसरीला उपाशी ठेवू व्हय?"

"नवी बेंगळूरहून येणार. पंधरा दिवस लागतील."

"पंधरा दिवसांत मी दोन साड्या विणतो!"

"अवो, विणलेली साडी घरापुढं गाडीत अडकलीया! बाराला संकेश्वरात पोराचा साखरपुडा, सुनेला काय नेसवू?"

"थांबा, आक्का. ह्या चावीच्या पोटात साधी लोखंडी चावी असती. ही बघा. दार उघडंल, गाडी चालू होणार न्हाय."

"हे आधी कुणी सांगायचं रं?"

"गाडीच्या पुस्तकात लिवलंय, आप्पा."

"पुस्तक गाडीतच हाय की!"

"द्या हिकडं ती चावी. मी साडी घिऊन बसनं निघाले. तुम्ही बसा पुस्तक वाचत."