चिक्कीच्या वाटणीची पुरणपोळी

माझा जन्म कोल्हापूरकडचा, गोठ्याला लागून असलेल्या खोलीतला, आई सांगायची की मी पहिला टाहो फोडला तेव्हा पलीकडून म्हशीनं उत्तर दिलं, तेव्हापासून माझं आणि जनावरांचं भांडण. तुम्ही बसा हं निवांत, मी उभ्यानंच बोलते, मला एका जागी बसवत नाही, आमचे हे डॉक्टर होते ना, ते म्हणायचे हिच्या पायात काहीतरी आहे आणि ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही. तर काय सांगत होते, गोठा. घरात थोरली मी, म्हणून शेण काढायचं माझ्याकडे. शाळेत पोरी नाक धरायच्या. मग मी काय नटायचे म्हणता, शिकेकाई काय, पावडरीचा थर काय, वर मोगऱ्याचं तेल, एवढं करून वास शेणाचाच यायचा, फक्त आता त्यात मोगरा. स्वतःला कोण समजत होते कोण जाणे! आईला सांगून टाकलं, ज्या घराला शेपटी असेल त्या घरात मी जायची नाही.

मग यांचं स्थळ आलं, विलायतेत इस्पितळात नोकरी. बघायला आले तेव्हा म्हणाले तुम्हाला काही विचारायचंय का, दुसऱ्या पोरी पगार विचारतात, शिक्षण विचारतात, मी शहाणी मान खाली घालून विचारते, तुमच्याकडे जनावरं आहेत का. ते म्हणाले, घरमालकिणीचं मांजर आहे. मी म्हटलं, चालेल. झालं, ठरलं लग्न! लंडनच्या कडेला एजवेअरला आले, यांची ड्यूटी संपता संपायची नाही, मी आपली रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची, थंडीनं नाक लाल, पायात मोजे घालून वर चपला, आणि मनात काय, तर बघा पोरींनो, आता येतो का वास. बघायला कोण होतं तिथं! पण ऐट केवढी.

हे गेल्यावर मी रीडिंग गावाला संजयकडे आले, संजय माझा मुलगा, कॉम्प्युटरवाला. त्याची मुलगी ईशा तेव्हा चौदाची. आमच्या घराच्या मागं दोन रस्ते सोडले की शेतं सुरू. ईशाच्या मैत्रिणीची आई जीन, तिचा दुधाचा फार्म, आणि तीच तिथल्या शेतकऱ्यांच्या पोरांचा क्लब चालवायची. त्यात असं की पोराला उन्हाळ्यापुरतं एक वासरू द्यायचं, पोरानं त्याला खायला घालायचं, धुवायचं, दोरीनं चालायला शिकवायचं, आणि जुलैत जनावरांच्या मोठ्या शोमध्ये पांढरा कोट घालून रिंगणात फिरवून आणायचं. एके दिवशी ईशा दारातूनच ओरडली, आजी, मला एक कालवड मिळाली! बुटाला शेण, ते सगळं हॉलच्या कार्पेटवर. काय सांगू तुम्हाला, सात समुद्र ओलांडून मी ज्याच्यापासून पळाले ते माझ्याआधी दारात हजर.

संजयनं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. म्हणाला, शोमध्ये कालवड नीट चालली तर पुढं बघू, नाहीतर हे शेवटचं, मग शांतपणे जीसीएसईचा, म्हणजे इथल्या दहावीचा अभ्यास. आणि ईशाला तर आयुष्यभर हेच करायचं होतं. बापाला सांगायची तिची हिंमत नव्हती, मला सांगितलं होतं.

कालवड जर्सी, गुळाच्या रंगाची, ईशानं नाव ठेवलं चिक्की. देखणी, पण हट्टी. दोरी ओढली की बसायची, म्हणजे बसायचीच. बाकीची पोरं पिढ्यांची शेतकरी, हसायची. ईशा रडत घरी आली तेव्हा माझ्या पायांना चैन पडेना, साडी खोचली, संजयचे रबरी वेलिंग्टन बूट चढवले आणि गेले. चिक्कीच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवली, तिनं डोळे मिटले, आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते पन्नास वर्षं आत दडून बसलं होतं, ऊठ गं भवाने, मेलीस का काय, हाडं दुखतात का तुझी! उठली की हो. ईशा म्हणाली, आजी, परत म्हण. तिनं पाठच केलं. अर्थ विचारला तेव्हा सांगितला, तर हसून हसून गवतात लोळली.

आता शोचा दिवस. माझ्या भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात नेमका त्याच दिवशी बेंदूर. आमच्याकडं बेंदराला जनावरांना पुरणपोळी घालतात, त्यांच्या आधी माणूस खात नाही. मला कुठलं राहवतंय! सगळ्यांच्या आधी उठून पुरण घातलं, पोळी फॉइलमध्ये, फॉइल पर्समध्ये, अंगावर रेशमी साडी. तिथं चिक्कीला धुऊन पुसून आरशासारखी केलेली. ईशा कोट आणायला गेली, मी पोळी काढली आणि दिली तोंडात. तेवढ्यात जीन समोर. तिचा चेहरा पांढरा फटक. म्हणाली, सुमन, हे किचनमधून आणलंय का? मी म्हटलं, तूप घरचं आहे. ती खालीच बसली. म्हणाली, लाळ्या-खुरकतीच्या साथीनंतर घरच्या किचनमधलं काही जनावराला द्यायला बंदी आहे, कुणाच्या पोटात गेलं तर मला शोच्या अधिकाऱ्याला सांगावं लागेल, चिक्की रिंगणात जाणार नाही.

मागं ईशा उभी होती, कोटाची बटणं लावत. तिनं ऐकलं. लावलेली बटणं एकेक करून सोडायला लागली.

मग मी काय केलं माहितीय? चिक्कीनं पोळी अजून गिळली नव्हती. जबड्याच्या कडेला दात नसतात तिथून हात घातला, कोपरापर्यंत, वडील घालायचे तसा. चिक्की डोळे फाडून बघतेय, रेशमी पदराला लाळ, माझा हात आत, आणि आणली पोळी बाहेर, पुरणासकट, कडेला नुसता दाताचा ठसा. मान वर केली तर शोचा अधिकारी, डोक्यावर गोल काळी टोपी. त्यानं पोळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाला, आत काही राहिलंय का? मी म्हटलं, तुम्ही बघा हात घालून. तो म्हणाला, नको मॅडम, एका बाईंनी वासराच्या तोंडातून काहीतरी काढलं एवढं मी पाहिलं, घातलेलं पाहिलं नाही. आणि गेला.

पण चिक्की बिथरली ना! रिंगणाच्या मधोमध गेली आणि बसली. मी दोरीपलीकडं येरझाऱ्या घालतेय, संजय म्हणतोय, आई, एका जागी उभी राहा. ईशा ओढत नाही, वाकली, गळ्याखाली खाजवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, ऊठ गं भवाने, मेलीस का काय, हाडं दुखतात का तुझी! संजयचे कान लाल. चिक्की उठली, अंग झाडलं आणि सरळ चालत फेरी पूर्ण केली. परीक्षकानं विचारलं, काय म्हणालीस तिला? ईशा म्हणाली, कृपा करून उठता का बाईसाहेब. म्हातारा विरघळला, म्हणाला किती अदबशीर भाषा. नंबर शेवटून दुसरा आला. पण गाडीत संजय म्हणाला, पुढच्या वर्षी दुसरी कालवड घेणार का हीच? पोरगी हीच, हीच म्हणून नाचली.

आता ईशा शेतीच्या कॉलेजात आहे, लांब पश्चिमेला. सुटीला येते, बूट घालून सरळ हॉलमध्ये. मी ओरडते, मॉप घेते, पुसते आणि पुसताना वास घेते, सांगू नका कुणाला. बेंदराला अजून पुरण घालते. चिक्की जीनकडंच आहे, तिला वासरं झाली. मी कुंपणाशी जाते, फॉइल उघडते आणि तिच्या वाटणीची पोळी तिच्या देखत मीच खाते. ती टक लावून बघते. मी म्हणते, माझ्याकडं बघू नको अशी, कायदा तुझ्या देशाचा आहे. सुखी राहा गं भवाने, दूध दे भरपूर. मग बोटं पदराला पुसून निघते, घरी कोण बसून राहतंय!