दारापर्यंत पोचलो होतो

...आणि मला कुठे चंद्रावर जायचं होतं हो? दारापर्यंत जायचं होतं. बालवाडीची खोली ती, पाण्याच्या टबापासून दारापर्यंत अंतर ते किती, चार ढांगांचं. आणि मी माणूस कोण? बसड्रायव्हर. गच्च भरलेली बस अरुंद गल्लीतून उलटी काढतो, दोन्ही बाजूंना स्कूटरी लावलेल्या, एकीला धक्का लागत नाही. तुम्हाला सांगतो, त्या मला तीन वर्षांच्या पोरानं तीन आठवडे त्या खोलीतून बाहेर पडू दिलं नाही.

पोरगं माझंच. घरात त्याला ढब्बू म्हणतात, आता सगळी बालवाडीच म्हणते. मला तर तिथे नावच उरलेलं नाही, मी 'ढब्बूचे बाबा'.

ही बालवाडी बायकोनं शोधलेली. बायको रुग्णालयाच्या लाँड्रीत, पहाटे घर सोडते, म्हणून पोचवायचं काम माझ्याकडे. म्हणाली, 'खूप छान आहे, पालकांनीच मिळून काढलीये, सहकारी आहे.' मला वाटलं, सहकारी म्हणजे आपल्याला सहकार्य करणार. तसं नसतं. सहकारी म्हणजे ताई एकच, त्या पगारावर, आणि बाकी रंग कालवणं, वाळू चाळणं, फरशी पुसणं हे पालकांनी पाळीपाळीनं करायचं. बरं, मुलांना शिकवतात काय? तर काही नाही, मुलं खेळतात. मी पहिल्याच दिवशी विचारलं, 'ताई, अक्षरं कधी सुरू होणार?' ताई हातातली माती मळत म्हणाल्या, 'अक्षरं कुठे पळून जातायत, ढब्बूचे बाबा? आधी हात तर भरू देत.'

आणि नियम असा की, मूल रुळेपर्यंत पालकानं खोलीत बसायचं. मूल सोडेल तेव्हा निघायचं, आणि निघताना सांगून निघायचं. गुपचूप सटकायचं नाही. ऐकायला किती बरं वाटतं नाही?

म्हणजे मी सांगायचो हो. रोज सांगायचो. 'ढब्बू, बाबा जातो हं, जाऊ ना?' तो म्हणायचा, 'नको.' झालं. बोलणंच संपलं. मी दारापर्यंत पोचायचो, आणि मागून पँट अशी ओढली जायची की एका हातानं पट्टा धरायचा आणि दुसऱ्या हातानं पोरगं. परत जाऊन बसायचं. बसायचं कुठे? त्या इवल्याशा खुर्चीत, गुडघे कानाला लागलेले, आणि एक मुलगी येऊन माझ्या टकलावर ओला स्पंज पिळतेय, 'तू भांडं आहेस' म्हणून. मी ताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, 'वा, तुम्हाला खेळात घेतलं तिनं.'

बरं, मी रोजच तिथे, हे इतर पालकांच्या लक्षात यायला किती वेळ लागणार? पार्लरवाली आई आली, 'अहो, आज माझी पाळी आहे, पण दुकानात गर्दी झालीये, तुम्ही आहातच ना?' मग चष्म्याच्या दुकानातले बाबा, 'तुम्ही आहातच ना?' मग एक आजी, त्यांचे गुडघे दुखत होते, 'तू आहेसच ना रे बाळा?' अहो, मी नव्हतो! म्हणजे मी असायला नको होतो! माझी रजा चालू होती, आणि रजा म्हणजे काय भरून ठेवलेली टाकी आहे का? हक्काची संपली, आजारपणाची संपली, शेवटी बिनपगारी.

डेपोतून कंट्रोलरांचा फोन. मी तेव्हा टेबलाखाली, कारण टेबल म्हणजे गुहा होती आणि मी अस्वल. 'काय, येताय का?' 'साहेब, सोडत नाही.' 'कोण सोडत नाही?' 'मुलगा.' 'वय काय त्याचं?' 'तीन.' मग म्हणाले, 'हे बघा, सोमवारी सकाळी हजर झालात तर तुमचा मार्ग तुमचा. नाही तर तो दुसऱ्याला देतो आणि तुम्हाला रात्रपाळीला टाकतो. मी तरी किती सांभाळून घेऊ?'

त्यांचंही बरोबर होतं. पण मला विचाराल तर हा मार्ग म्हणजे... अहो, कित्येक वर्षं वाट बघितली मी या मार्गासाठी. घराजवळून जातो. ड्यूटी दोन तुकड्यांत, सकाळच्या फेऱ्या, मग दुपारी मोकळा, मग पुन्हा संध्याकाळपर्यंत. त्या मधल्या वेळात पोराला शाळेतून आणून आत्याकडे सोडता येतं. तो मार्ग गेला, मी रात्री गाडीवर, बायको पहाटे कामावर, मग पोरगं कुणाच्या गळ्यात? बायको नोकरी सोडते म्हणाली. तिनं म्हटलंही अगदी सहज, कपडे घडी करता करता, आणि सहज म्हटलं म्हणूनच मला झोप लागेना.

म्हणून मी सटकलो.

हो, सटकलो. काय करणार? गुरुवारची गोष्ट. ढब्बू वाळूत, पाठ माझ्याकडे, डबा भरतोय, पालथा करतोय. ताई आत रंग आणायला गेलेल्या. मी चपला हातात घेतल्या आणि दारापर्यंत पोचलो, दाराच्या बाहेर पोचलो, चक्क बसथांब्यापर्यंत पोचलो. आणि तुम्हाला सांगतो, सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. थांब्यावर मी आपला उभा, चपला अजून हातातच.

ताईंचा फोन आला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, 'या.' एवढंच.

परत आलो. मला वाटलं, रडून रडून आकांत केला असेल. नाही. ढब्बू माझ्या त्या खुर्चीत बसला होता. गप्प. वाळू सोडून, डबा सोडून. दुसरं कुणी मूल जवळ आलं की हात आडवा करायचा आणि म्हणायचा, 'इथे माझे बाबा बसतात.' मला बघितलं, उठला, खुर्ची मोकळी करून दिली. आणि त्यानंतर त्यानं माझ्या पँटचा खिसा जो धरला तो सोडलाच नाही. मी मोरीत गेलो तरी बाहेर दाराला टेकून विचारतोय, 'बाबा, आहेस?' मिनिटाभरानं पुन्हा, 'बाबा, आहेस?' त्याचं रडणं परवडलं असतं हो मला. हे नाही परवडत.

शुक्रवारी संध्याकाळी पालकांचा वर्ग. म्हणजे दिवसा मुलांनी खेळायचं आणि संध्याकाळी आमची शाळा. मी म्हटलं, आता माझं काय व्हायचं ते होऊ दे. गोल करून सगळे जमिनीवर बसलेले, आणि ताई म्हणतात, 'आज ढब्बूचे बाबा ढब्बू होतील, आणि पार्लरवाल्या आई होतील बाबा.' घ्या! रजा संपली, सोमवार तोंडावर, आणि मी सतरंजीवर फतकल मारून तीन वर्षांचा झालोय.

ती बाई, सांगतो तुम्हाला, नाटकात जायला हवी होती. खांदे पाडले, मान वाकडी केली, चेहरा असा केला की आत्ता कुणीतरी गेलंय घरातलं, आणि हुबेहूब माझा आवाज, 'ढब्बूऽऽ, बाबा जातो हं... जाऊ ना? जाऊ का रे?' सगळे खो खो हसले. मीही हसलो. ताई मात्र हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, 'ढब्बू, तू काय म्हणशील?'

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'नको जाऊ.'

'का?'

'याचा चेहरा बघा ना,' मी म्हटलं. 'हा स्वतःच घाबरलाय. मी याला कसा जाऊ देऊ? आणि हा मलाच विचारतोय, जाऊ का म्हणून. जायचंय तर सांग ना बाबा नीट...' एवढं बोललो आणि सतरंजीचं टोक चुरगळत बसलो. पार्लरवालीनं खांदे सरळ केले. आजींनी आपलं पाण्याचं भांडं माझ्यापुढे सरकवलं.

ताई म्हणाल्या, 'विचारू नका, सांगा. कुठे जाताय, कधी येताय. आणि त्याच्यापासून सुटून जाऊ नका, त्यालाच तुम्हाला दाराबाहेर ढकलू द्या. जाणं तुमचं, पण घालवणारा तो.'

शनिवार-रविवार मी आरशासमोर सराव केला. बायको म्हणाली, 'बस चालवायची परीक्षा दिलीत तेव्हा इतकी तयारी केली नव्हतीत.'

सोमवार. खाकी गणवेश घालूनच गेलो. ढब्बूसमोर उकिडवा बसलो. 'ढब्बू, मी बस चालवायला जातोय. तुमचं जेवण झालं की घ्यायला येतो. आता मला ढकल.' तो बघतच राहिला. 'ढकलू?' 'ढकल. जोर लावून.' मी उठलो, पाठ केली. आधी काहीच नाही. मग दोन हात लागले कमरेला. मी म्हटलं, 'हलत नाही रे बस, बंद पडलीये.' मग त्यानं असा जोर लावला, आणि ते बघून स्पंजवाली आली, मग अजून दोघं, मग सगळाच वर्ग, रंगाचं काम टाकून, 'ढकला, ढकला' करत. मी मागे बघितलं एकदा. ढब्बूचा खालचा ओठ थरथरत होता. पण हात ढकलतच होते. मी दारापर्यंत पोचलो, आणि दाराबाहेर पोचलो, आणि त्यानं आतून दार लावून घेतलं.

मी गल्लीत उभा राहिलो थोडा वेळ. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, वाळू असेल.

डेपोत गेलो तर कंट्रोलर माझ्याभोवती फिरून बघायला लागले. पाठीवर निळे, पिवळे, लाल पंजेच पंजे. 'हा गणवेश आहे की भिंत?' मी म्हटलं, 'साहेब, वेळेवर आलोय की नाही?' त्यांनी घड्याळ बघितलं आणि किल्ली दिली. पहिल्या फेरीला एक म्हातारे गृहस्थ उतरताना म्हणाले, 'ड्रायव्हरसाहेब, तुमच्या पाठीला रंग लागलाय.' म्हटलं, 'माहितीये. राहू दे.'

तुम्ही म्हणाल, मग आता रडतोस कशाला? सांगतो ना.

दुपारी घ्यायला गेलो. दिलेल्या शब्दाप्रमाणे, वेळेवर. ढब्बू वाळूत कालवा खणत होता, कोपरापर्यंत चिखल. म्हटलं, 'चल.' वर न बघता म्हणाला, 'थांब.' थांबलो. 'चल रे, आत्या वाट बघतेय.' 'तू जा. बस चालव.' म्हटलं, 'अरे, मी तुला न्यायला आलोय.' तर उठला, माझ्यामागे आला, आणि दोन्ही हातांनी मला दाराबाहेर ढकलायला लागला. ताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, 'त्याचा खेळ अर्धवट राहिलाय, ढब्बूचे बाबा. जरा बसता का?'

तेव्हापासून रोज हेच. रोज. परवा पुन्हा कंट्रोलरांचा फोन आला, दुसरी पाळी सुरू होऊन गेली होती. 'आता काय झालं? सोडत नाही का?'

'सोडतो, साहेब. आधी सोडत नव्हता, आता सुटत नाही.'

मग साहेब म्हणाले, 'मी असं करतो, बालवाडीच्या दारातच एक थांबा टाकतो.'

मी म्हटलं, 'टाका, साहेब. शेड पण घाला. वेळ लागतो.'