पालकाला दिलेली फोडणी
सून जर्मनीची असली तरी चूक माझीच गं, खरं सांगते. आमच्या गावी, कोनला आली आणि पाहुण्यांसाठी तिने हौसेने त्यांच्याकडची पालकाची भाजी केली. त्यात साय घातली, वर जायफळ किसलं. जायफळ, श्रीखंडातलं! म्हटलं, पोरीचं हसं होईल. ती आंघोळीला गेली तशी मी लसूण आणि घरचा मसाला घालून झणझणीत फोडणी दिली.

सगळे बोटं चाटत होते. तिने एक घास खाल्ला. म्हणाली, "छान, आई."

मुलगा नंतर बोलला, "तिच्या आईच्या हातची चव तुला दाखवायची होती तिला."

दोन वर्षं झाली, मी म्हणतेय, तुझी ती भाजी पुन्हा कर. ती हसते आणि लसूण सोलायला घेते.