न फुंकलेली मेणबत्ती

तुम्ही मेणबत्ती फुंकण्याचं बोललात म्हणून आठवलं. रिठद गावातल्या आमच्या घरी केक एकदाच झाला, माझ्या भाच्याच्या, म्हणजे दादाच्या मुलाच्या, पहिल्या वाढदिवसाला. वहिनीची आधीची दोन लेकरं वर्षाच्या आतच गेली होती. हा तिसरा.

वहिनी नागपूरच्या शाळेत केक शिकली होती. दादाने अकोल्याहून चॉकलेट आणलं. तिने पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून केक भाजला आणि गरम सायीत चॉकलेट विरघळवून वरून ओतलं.

आई दारातूनच म्हणाली, "काहून वं, वाढदिसाले काळं?"

"तीट समजा, आत्याबाई. लेकराले नजर नाही लागत," वहिनी सासूला म्हणाली.

त्या वर्षात आई पहिल्यांदा हसली.

मग वहिनीने केकवर एक मेणबत्ती लावली आणि लेकराला मांडीवर घेतलं.

मी विचारलं, "आता काय कराचं?"

"आता फुंकून इझवाची."

आईचं हसू गेलं. "लेकराच्या नावाचा दिवा इझवून राह्यली तू? मांगचे दोन इझले, ते कमी हायेत का?"

तेवढ्यात दारातून वारा आला, ज्योत आडवी झाली. सगळ्यांच्या आधी वहिनीचेच हात धावले. दोन्ही तळव्यांच्या आडोशात तिने ती ज्योत धरून ठेवली. मेणबत्ती संपत आली, तेव्हा आईने तिच्या ज्योतीवरून निरांजन लावून घेतलं.

तोवर चॉकलेटवर मेणाचा थर जमला होता. आम्ही तो खरवडून केक खाल्ला. चॉकलेटची चव विचाराल तर मला सांगता येणार नाही. मेणाची अजून आठवते.