रेघेच्या आत

सुमित्रा : …मंग रस तरी प्या. गोड आंबे वेगळे काढून ठेवले व्हते तुमच्यासाठी.

काशिनाथ : नको म्हटलं ना.

सुमित्रा : पोळी नको, रस नको, कुरडई नको. आज आखाजी आहे, अक्षयतिथीचा सन. लेक माहेरी आलेली, जावई घरात, अन् घरधनी भिंतीकडं तोंड करून खाटेवर पडलेला! लोक काय म्हनतील?

काशिनाथ : लोकांले जे म्हनायचं ते त्यांनी सकाळीच खळ्यावर म्हनून घेतलं.

सुमित्रा : खरं सांगा, लागलं कुठं? खांदा दाखवा पाहू.

काशिनाथ : घे, पाहून घे. हा खांदा, हे हात, हे गुडघे. आहे कुठं एक ओरखडा तरी?

सुमित्रा : नाही.

काशिनाथ : तेच तर.

सुमित्रा : म्हंजे? लागलं नाही म्हनून रुसले? बाई बाई बाई! साठी उलटली, पन अक्कल काही येईना. गेल्या आखाजीले चौघांनी खाटेवर घालून आनलं तुम्हाले. गळ्याजवळचं हाड मोडलेलं, तोंडात माती, अन् तुम्ही खाटेवरून वरडत व्हते, ‘पकड सोडली नाही! पकड सोडली नाही!’ एक हात गळ्यात बांधून दुसऱ्या हातानं पोळ्या हानल्या त्या दिवशी. इतवाऱ्याच्या बाजारातून मालिशचं तेल आनून आनून मी थकले, तुम्ही काही हसायचे थांबले नाही. अन् आज धडधाकट चालत घरी आले, तर हे सुतकी तोंड!

काशिनाथ : तुले नाही समजायचं ते.

सुमित्रा : सांगा तरी. कबड्डी हरले का?

काशिनाथ : जिंकलो.

सुमित्रा : मंग?

काशिनाथ : अवं, साऱ्या निंबोला गावाची रीत तुले मी सांगू? आखाजीले सकाळी सासऱ्यानं जावयाचे पाय धुवायचे, अन् ऊन तापायच्या आधी खळ्यावर तेच पाय धरून त्याले मातीत पाडायचं. सासरे इकडं, जावई तिकडं. चुन्याच्या रेघेच्या आत ना कोनी सासरा, ना कोनी जावई. नुसतं नाव. कालचं पोरगं असलं तरी मले ‘ए काशिनाथ’ म्हनतं, अन् मी त्याले खुशाल शिव्या देतो. वरसातून तेवढी एक सकाळ. बाकी वरीसभर मी मामा, बाबा, दादा. अन् तुझं ‘अवो’.

सुमित्रा : मंग काय नाव घेऊ तुमचं? लगनात उखान्यात घेतलं एकदा. पुरे झालं तेवढं.

काशिनाथ : आज आपला जावई, निरंजन, चढाईले आला. म्हटलं, आता मजा. वाकून त्याचा घोटा धरला. अन् तो पाय… कसं सांगू तुले… त्या पायात जीवच नव्हता. झटका नाही, वढ नाही. सकाळी परातीत ठेवला व्हता ना धुवाले, तस्साच माझ्या हातात आनून ठेवला त्यानं. घ्या म्हने, मामा, धरा.

सुमित्रा : तुम्हाले वाटलं असंल तसं.

काशिनाथ : चाळीस वरसं घोटे धरू राहिलो मी. मले नाही समजायचं? अन् वर काय म्हने, रेघेच्या आत पडल्यापडल्या? ‘मामा, तुम्हाला लागलं तर नाही ना?’ मामा! रेघेच्या आत! अख्खं खळं हसलं.

सुमित्रा : हसू द्या. हसले म्हनून काय अंगाले भोकं पडली?

काशिनाथ : लोटू नाही हसला.

सुमित्रा : लोटूभाऊ बिचारे कशाले हसतील.

काशिनाथ : गुडघे गेले त्याचे, तवापासून तो पंच. कडुनिंबाखाली खुर्चीत बसतो अन् शिट्टी वाजवतो. तुले आठवतो ना तो खेळताना? वाघ व्हता वाघ. आज त्यानं काही म्हटलं नाही. मालूबाईच्या घरून दुसरी खुर्ची मागवली अन् आपल्या खुर्चीशेजारी ठेवली. निळी, प्लास्टिकची. हातानं पुसली पन.

सुमित्रा : मंग बसा ना खुर्चीत! सावली आहे, माठ आहे. शिट्टी फुकाले काय दम लागते?

काशिनाथ : अवं…

सुमित्रा : काय?

काशिनाथ : इकडं पाह. माझ्याकडं पाह. तू सांगतलं का त्याले?

सुमित्रा : रसात माशा पडतील, झाकून येते मी.

काशिनाथ : झाक नंतर. तू सांगतलं?

सुमित्रा : हो, मी सांगतलं! काल पोरगी झोपल्यावर सांगतलं. म्हटलं, जावईबापू, तुमच्या पाया पडते, पन माझ्या मानसाले पाडू नका. त्यांच्या हाती लागून जा, सोडवू नका, वढू नका, तुम्हाले आपल्या कोमलची शपथ आहे. घातली शपथ. करा आता काय करायचं ते!

काशिनाथ : माझी इज्जत घातली तू मातीत.

सुमित्रा : अन् माझा जीव? त्याचं काय? गेल्या साली तुम्ही तठी खळ्यावर खेळत व्हते, अन् मी घरी पितरांची घागर मांडत व्हते. घागरीवर डांगराचं फळ ठेवलं, कुंकू लावलं, तुमच्या माय-बापाचं नाव घेतलं, अन् तेवढ्यात शेजारचा गोटू धावत आला, ‘काकी, काका पडले, डोळे उघडत नाहीत.’ हातातलं पानी तसंच सांडलं. अनवानी धावले मी तेवढ्या उन्हात. अन् सारा रस्ता एकच मनात, पुढच्या आखाजीले ह्या घागरीपाशी यांचं नाव घ्यावं लागंल का? तुम्ही डोळे उघडून हसले, गावानं टाळ्या वाजवल्या. माझं काळीज अजून नाही आलं जाग्यावर.

काशिनाथ : …हे तू कधी सांगतलं नाही.

सुमित्रा : इचारलं कधी तुम्ही?

काशिनाथ : भेतेस एवढी?

सुमित्रा : भेते. मंग? कोनासाठी भेऊ, लोटूभाऊसाठी?

काशिनाथ : घागर तर भरनारच आहे माझी एक दिवस. तुझी पन भरंल. पन तोवर निळ्या खुर्चीत बसून तिची वाट पाहू का मी? बागेत केळीचे घड उतरवतो ना अजून? खांद्यावर वाहतो ना? तवा नाही म्हनत तू, की म्हातारे झाले म्हनून.

निरंजन : मामी, येऊ का आत? कोमल बोलली, ती झोक्यावरून एवढ्यात उतरत नाही, तुम्ही लोक जेवून घ्या… अरे! मामा अभी तक जेवले नाहीत?

काशिनाथ : या जावईबापू, या. बसा. अवं, पाट दे त्यांले. पानी दे. पंखा लाव त्यांच्याकडं.

निरंजन : मामा, असं नका ना बोलू यार.

काशिनाथ : कसं बोललो? जावयाशी बोलतात तसंच बोललो.

निरंजन : मामी, तुम्ही सांगितलं मामांना?

सुमित्रा : सांगतलं. यांनीच वळखलं आधी.

निरंजन : मला माहीत होतं, ते ओळखणार. मामा, सच बोलू? सकाळपासून मलाच कसंतरी होतंय. खळ्यावरून आलो तसा अंघोळही केली नाही. कोमलनं विचारलं, तब्येत ठीक आहे ना? काय सांगणार होतो तिला!

काशिनाथ : तुमचा काय दोष. सासूचं ऐकलं. चांगल्या जावयाचं लक्षन आहे.

निरंजन : नाही व्हायचं मला चांगला जावई! मामा, मी मिल कॉलनीत वाढलो. पप्पा वर्ध्याकडून आले, जिंदगीभर कागदाच्या मशीनवर शिफ्ट केली. सीधे आदमी. कधी माझ्यावर हात नाही उचलला, कधी जवळही नाही घेतलं. बस, ‘जेवला का’, ‘पेपर कसा गेला’. आणि इथे? इथे आलो की पाटावर बसवता, पाय धुता, टॉवेल हातात देता. उठू देत नाही, ग्लास उचलू देत नाही. वर्षभर जावईबापू, जावईबापू. मेहमान! पहिल्या आखाजीला तुम्ही मला कमरेत धरून असं आपटलं की मेरी तो साँस अटक गयी. आठवतं?

काशिनाथ : आठवतं. माती खाल्ली व्हती तू.

निरंजन : माती खाल्ली! आणि तुम्ही मला शर्टाला धरून उठवलं, पाठीवर फाडकन थाप मारली आणि म्हणाले, ‘चल ऊठ, गाढवा.’ घरी जाऊन कोमलकडून पाठ चोळून घेतली आणि अंधारात एकटाच हसत बसलो. इतना अच्छा लगा था मुझे! कोणीतरी घरचा समजून आपटलं. मामी, तुमच्यापुढे हात जोडतो, ते एवढं माझ्याकडून नका काढून घेऊ.

सुमित्रा : अगो माय! हा पोरगा तर रडू राहिला.

निरंजन : घाम आहे, मामी.

काशिनाथ : अवं, ऐकलं का?

सुमित्रा : ऐकलं. कान आहेत मले.

काशिनाथ : निरंजन, चुलीतली राख आन टोपलीभर. अंगनात रेघ वढ.

सुमित्रा : आता? एवढ्या उन्हात? डोस्कं फिरलं का दोघांचं?

काशिनाथ : गोठ्याकडं सावली आहे. एकच चढाई. तो येईल, मी धरीन. सुटला तर सुटला, नाही सुटला तर नाही.

निरंजन : मामा, मला चालेल. पण मी शपथेत आहे. कोमलची शपथ घेतली आहे मी. मामी ‘सुटली’ म्हणत नाहीत तोपर्यंत पाय ओढणार नाही.

काशिनाथ : म्हन.

सुमित्रा : डावा खांदा सोडून खेळनार असाल तर…

काशिनाथ : अट घालून नको. अट घालायची असंल तर राहू दे, मी जाऊन बसतो त्या खुर्चीत. पुढच्या आखाजीपासून शिट्टी वाजवतो. तू म्हनशील तसं. खरंच सांगतो, रागानं नाही सांगत. तुले एवढं भेव वाटत असंल तर राहू दे.

सुमित्रा : रस झाकते मी. माशा बसू राहिल्या.

काशिनाथ : नाही म्हनत ना? बरं. आन ते ताट. खातो.

सुमित्रा : थांबा. खाऊ नका.

काशिनाथ : आता काय?

सुमित्रा : असं तोंड करून माझी पोळी नका खाऊ. पुरन वाटता वाटता हात गळून गेले माझे. जावईबापू…

निरंजन : हां, मामी?

सुमित्रा : शपथ सुटली.

निरंजन : नक्की?

सुमित्रा : सुटली, सुटली, सुटली! झालं? अन् केळीची वाळकी पानं टाकू द्या मले खाली. पानांले नाही म्हनाल तर दोघांलेही झाडूनं मारीन.

(गोठ्याच्या सावलीत वाळकी पानं अंथरली गेली, राखेची रेघ वाकडीतिकडी का होईना पण पडली. काशिनाथनं धोतराचा काचा मारला आणि मांडीवर अशी थाप ठोकली की दावणीची म्हैस उठून उभी राहिली.)

काशिनाथ : ये! ये मिलवाल्या! मुहूर्त पाहू राहिला का?

निरंजन : ए काशिनाथ! पाय जपून ठेव तुझे!

काशिनाथ : हां! आता कसं बोलला! ये, आत ये!

निरंजन : कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी…

सुमित्रा : अवो, एवढं पुढं नका जाऊ… तो डावीकडं वळू राहिला… डावीकडं!

काशिनाथ : तू गप!

निरंजन : …कबड्डी कबड्डी कबड्डी…

सुमित्रा : वाका ना! पाय येऊ राहिला त्याचा, वाका!

काशिनाथ : धरला! धरला घोटा!

सुमित्रा : सोडू नका! माय वं, लाथ झाडली त्यानं… सोडू नका, रेघेकडं चालला तो! वढा मागं! वढा!

निरंजन : …बड्डी कबड्डी कबड्डी…

काशिनाथ : कुठं जातो रे… गाढवा… कुठं जातो…

निरंजन : …कबड्डी कबड्डी… रेघ! हात लागला! रेघ लागली!

सुमित्रा : …लागली. राख लागली बोटांले.

काशिनाथ : सुटला.

सुमित्रा : अवो?

काशिनाथ : सुटला! म्हशीपासून रेघेपर्यंत वढत नेलं मले, फरफटत! पायात जोर पाहिला का त्याच्या? वळूचा पाय आहे वळूचा!

निरंजन : काशिनाथ, कोपरातून खून येतंय तुझ्या.

काशिनाथ : येऊ दे. तू ऊठ, गाढवा. पाठ कर इकडं.

निरंजन : आई गं! मारलं रे मारलं!

काशिनाथ : ही सकाळची बाकी व्हती.

सुमित्रा : हसता काय? हरले तुम्ही.

काशिनाथ : हरलो. साफ हरलो! निरंजन, उद्या लोटूकडं जा, त्याले म्हन, ती निळी खुर्ची मालूबाईले परत दे. तिच्या घरी पाव्हने येतात, तिले लागंल.

निरंजन : मामी, जरा हात द्या यांना. माझ्याच्यानं आता उचलवत नाही.

सुमित्रा : थांबा. आले मी.

काशिनाथ : अवं, तिथूनच हात दे. आत नको येऊ.

सुमित्रा : काहून?

काशिनाथ : रेघेच्या आत नातं चालत नाही, माहीत आहे ना तुले?

सुमित्रा : माहीत आहे. हा टाकला पाय आत.

काशिनाथ : मंग?

सुमित्रा : काशिनाथ, ऊठ. पोळ्या गार होऊ राहिल्या.