टेबलाखालच्या तीन चिरा

मी मूळचा आरमोरीचा, बाई. अब्बा सुतार, त्यायचे अब्बाही सुतार, आधी बैलगाड्यायची चाकं करत, मंग दरवाजे, मंग टेबल-खुर्च्या. चांद्याले आलो तवा माहा हात रंध्यापर्यंत पोचत नोता. अब्बाची एक रीत होती. कोणी खुर्ची सांगाले आला की त्याले आधी फळ्यायच्या थप्पीवर बसवत. वहाणा काढा म्हणे, टाच टेका म्हणे. गुडघा बरोबर काटकोनात येईपर्यंत एक फळी टाक, एक फळी काढ. तहसीलदार असो का हमाल, थप्पीवर बसल्याबिगर माप नाई. अन् काम झालं की खालच्या अंगाले, कोणाले दिसणार नाई तिथी, पटाशीनं तीन चिरा पाडत. तेच आमचं नाव. मीही तेच करत आलो.

तुम्ही निखिलभाऊच्या ऑफिसात उशिरा आल्या, म्हणून तुम्हाले सुरुवात माहीत नाई. निखिलभाऊ माह्या दुकानात आला, म्हणे चाचा, हॉल घेतला, बारा टेबलं टाकतो, ज्याले पायजे त्यानं टेबल भाड्यानं घ्यावं अन् आपापलं काम करावं, कोणी नकाशे काढन, कोणी ऑनलाइन शिकवन. फर्निचर तुम्हीच पसंत करा, म्हणे. मले किती बरं वाटलं सांगू. जे बसणार होते त्यायले एकेक करून बोलावलं, थप्पीवर बसवलं, मापं घेतली. जंगलखात्याच्या डेपोतला साग आणून नमुन्याचं एक टेबल केलं. त्यानं फोटो काढला, लई भारी म्हणे, अन् आठ दिवसांनी नागपूरहून टेबल-खुर्च्यायचे गाडीभर खोके आले.

खोके उघडले तर काय, भुसा दाबून केलेल्या फळ्या, अन् वरून कागद चिकटवलेला, त्यावर सागाच्या रेघा छापलेल्या! अरे, सागाच्या मुलखात राहून तू कागदावरचा साग आणतं? तर म्हणे, चाचा, सगळं एकसारखं दिसलं पायजे, तुमची मापं वेगवेगळी. म्हटलं, दिसाले पायजे का बसाले? हसला तो. म्हणे, तुम्ही फक्त जोडून द्या.

अन् मी जोडून दिलं. हा माहा मूर्खपणा, लिहा तुम्ही, लपवू नका. पण खरा मूर्खपणा पुढं आहे. डोकं रागात होतं अन् हात आपल्या सवयीत. टेबल पालथं घालाचं, स्क्रू कसाचे, अन् सुलटं कराच्या आधी पटाशीनं तीन चिरा. बाराच्या बारा टेबलायले. मले समजलंही नाई.

उन्हाळ्यात कूलर लागला. त्याच्या ओलीनं खिडकीजवळचं टेबल पावासारखं फुगलं, पाय निसटला, वकीलबाईचा कम्प्युटर खाली. निखिलभाऊनं सगळ्यायसमोर टेबल उलटं केलं. हे पाहा, म्हणे, चाचाची खूण, चाचाचंच काम. म्हटलं, मी जोडलं, बनवलं नाई. कोण ऐकते? एक जण म्हणे, काऊन चाचा, जंगलातला साग संपला का? ज्यायच्या घरचा दरवाजा माह्याकडं होता त्यायनं निरोप धाडला, राहू द्या मिस्त्री. तीन पिढ्यायचं नाव, बाई, भुशात गेलं.

सोमवारी भर दुपारी हत्यारं घेऊन गेलो अन् सरळ टेबलाखाली शिरलो. निखिलभाऊ ओरडला, काय करून राह्यले चाचा, लोकं कामात आहेत! म्हटलं, माहं नाव परत घेऊन राह्यलो. सागावरची खूण रंध्यानं जाते, भुशात रंधा चालत नाई, खड्डाच पडते. पाडले खड्डे. माहं नुकसान करता का, म्हणे. म्हटलं, भुसाच पडला आहे, झाडून घे.

पण खालून मले पाय दिसले. कोणाचे हवेत लटकून राह्यले, कोणाचे डब्यावर. एकीनं पेपरात गुंडाळलेली वीट ठेवली होती. मी म्हटलं पाय उचला, तर पाय उचलले तिनं अन् वीटही सरकवून दिली. ती वीट तुमची होती. मंग दोन दिवसांनी तुम्ही इथी दुकानात वही घेऊन आल्या, माही बाजू लिहून घ्याले.

राग गेला नाई माहा. जावा असंही वाटत नाई. दरवाजावाले अजून आले नाई, येतील का नाई अल्ला जाणे. ते नमुन्याचं टेबल हे, याच्यावरच मी चहा ठेवतो आता, कोणाले दाखवाले ठेवत नाई.

बस झालं लिहिणं. वही ठेवा. चपला काढा अन् या थप्पीवर बसा. लाजू नका, तहसीलदारही बसला आहे असाच. पाठ सरळ. टाच टेकली का? नाई ना. थांबा, एक फळी काढतो. आता?

हं. टेकली.