त्या दिवशी बँकेची फेरी झाली नाही

मी, खाली सही करणारा, वय तेवीस, शिक्षण पाचवीपर्यंत, काम पाणीपुरवठा कार्यालयात जीपचालक, ऑफिसात सगळे भिंगरी म्हणतात. मूळ गाव लांब. राहणार हल्ली ऑफिसची जीपशेड, त्याआधी बहिणीच्या घरी मागची खोली. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून माझ्याच हाताने लिहून देतो की,

आमच्या वसुली केंद्रावर लोक पाणीपट्टी भरतात. तिथले रोखपाल माझे सख्खे दाजी. ही नोकरी मला त्यांनीच लावली. हे आधीच सांगून टाकतो, मागाहून कोणी उकरून काढायला नको.

केंद्रावरच्या रोखीची महिन्यातून एकदा अचानक तपासणी करायची असा नियम आहे. आधीचे हिशेब अधिकारी साहेब जीपमध्ये बसले की मला दाजींना फोन करायला लावायचे. म्हणायचे, कळवलं नाही तर कुलपाला नमस्कार करून परत यावं लागेल. मी फोन करायचो. आम्ही पोचेपर्यंत खुर्च्या पुसलेल्या, चहा ठेवलेला आणि रोख बरोबर. फोन आणि आम्ही पोचणं यांच्यामध्ये दाजी काय करायचे ते मी पाहिलेलं नाही. खुर्च्या पुसत असतील असं धरून चाललो.

आता त्या जागी नव्या बाई आल्या आहेत. गेल्या सोमवारी दुपारी त्या जीपमध्ये बसल्या. मी सवयीने फोन काढला. कोणाला लावतोस म्हणाल्या. मी खरं ते सांगितलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "अचानक तपासणी सांगून करायची, तर मग मी घरूनच करते की." मला हसू आलं. फोन खिशात ठेवला आणि गाडी काढली.

आम्हाला दारात बघून दाजी उठले, ते उभेच राहिले. बाईंनी पेटी उघडायला लावली. रोख कमी निघाली. आकडा पंचनाम्यात आहे. दाजी म्हणाले, बाकीची रोख सकाळी भिंगरीकडे बँकेत भरायला दिली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. दाजींनी बघितलं नाही.

मी तिथेच सांगितलं आणि इथेही सांगतो, त्या दिवशी बँकेची फेरी झाली नाही. सकाळपासून जीप पंपघरावर होती. अभियंता साहेब सोबत होते, त्यांना विचारावं. शिवाय बँकेची पिशवी एकट्याच्या हातात द्यायची नाही, रोखपाल आणि चालक दोघांनी मिळून न्यायची, हाही नियमच आहे. तो मला दाजींनीच पहिल्या दिवशी शिकवला.

संध्याकाळी घरी बहिणीने जेवायला वाढलं. दाजी आतल्या खोलीत होते, टीव्ही मोठा लावला होता. ती म्हणाली, "तुझं काय, तू एकटा जीव. कुठेही स्टिअरिंग धरशील. यांच्या मागे दोन पोरी आहेत."

मी म्हणालो, "अक्का, पिशवी माझ्या हातात नव्हतीच."

"मग आता घे," ती म्हणाली.

मी जेवण पुरं केलं, ताट धुऊन ठेवलं आणि कपडे घेऊन निघालो. तेव्हापासून जीपमध्ये झोपतो. पाठ आखडते, बाकी उत्तम.

दाजींशी वैर आहे का असं हवालदार साहेबांनी विचारलं. नाही. गाडी चालवायला त्यांनीच शिकवली. क्लच सोडताना मी घाबरायचो तर शेजारी बसून गाणी म्हणायचे. उद्या गाडी ढकलायला बोलावलं तर जाईन. पण चोर म्हणवून घेऊन मी आईबापापुढे उभा राहणार नाही. पुन्हा नीट विचार कर असं हवालदार साहेब दोनदा म्हणाले. विचार करूनच आलो आहे.

माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. लिहून झाल्यावर हवालदार साहेबांनी हा जबाब मोठ्याने वाचला. दार उघडं होतं. बहीण बाहेर बाकावर बसली होती, तिनेही सगळा ऐकला. तिने काही दुरुस्ती सांगितली नाही. मी लिहून दिल्याप्रमाणे बरोबर आहे.